बाबा बसले की बिघडणारी पेटी

आमच्या अड्याळच्या घरात रस्त्याकडे तोंड असलेली एक खोली होती. तिला ढोल्याची खोली म्हणत. बांबूच्या कमच्यांनी विणलेला, वरून शेणामातीने लिंपलेला, माणसापेक्षा उंच असा ढोला तिच्या मागच्या भिंतीशी उभा असायचा आणि वर्षभराचं धान त्यात राहायचं. दार उघडलं की आधी धानाचा वास यायचा, थोडा गोड, थोडा नाकात खाजवणारा. माय रोज सकाळी ती खोली सारवायची आणि दुपारपर्यंत तिथली जमीन पायाला गार लागायची. चपला बाहेर काढल्याशिवाय त्या खोलीत कुणी पाय ठेवत नसे. तसं कुणी सांगितलेलं मला आठवत नाही. धान असतं तिथे चपला घालून जायचं नाही, एवढं लहानपणापासून अंगात होतं.

घरात आम्ही चौघं. बाबा, माय, माझा मोठा भाऊ दिनूदादा आणि मी. बाबांच्या बांध्या, म्हणजे धानाची शेतं, गावच्या तलावाखाली होत्या. पाणी पाटाने यायचं, त्यामुळे आमच्याकडे मोटारपंप नव्हता, आणि घरातली वीज म्हणजे तीन-चार बल्ब नि एक पंखा. सकाळी रात्रीच्या भाताला कांदा-मिरचीची फोडणी, दुपारी भात आणि लाखोरीच्या डाळीचं वरण, पावसाळ्यात धोप्याच्या म्हणजे अळूच्या पानांच्या वड्या. बाबा खाली मान घालून जेवत. त्यांच्या जेवणाचा आवाज नसायचा. बोलण्याचाही फारसा नसायचा. आपले बाबा रागीट आहेत की नुसते गप्प आहेत, हे मला त्या वयात कळत नव्हतं. आता माझे केस पिकले आहेत आणि बाबांना जाऊनही बराच काळ लोटला आहे, तरी मी खात्रीने काही सांगू शकत नाही.

दादा बारावीनंतर नागपूरला निघून गेला. निघून गेला म्हणजे ऐन रोवण्याच्या, धानलावणीच्या दिवसांत, कुणाला न सांगता. धानाच्या रोपांचे पऱ्हे उपटून बांधावर पडलेले, बाया रोवायला आलेल्या, आणि दादा नाही. बाबांनी तो रोवणा एकट्याने ओढला. त्याबद्दल ते एक शब्द बोलले नाहीत, आणि नेमकं तेच वाईट झालं. दादा दोन वर्षांनी परत आला तेव्हाही ते बोलले नाहीत. "त्याले म्हणा, जेवाले बस," असं ते मायला सांगत, आणि दादा शेजारीच उभा असे. दादाही मग "बाबाले सांग, मी मंग जेवतो," असं मायलाच सांगे. मायने कधी कंटाळा केला नाही. दोन्हीकडचे निरोप ती तिथल्या तिथे पोचवायची, जसं काही मध्ये एखादं गाव आहे.

दादा परत आला तो एकटा नव्हता. एका मेटॅडोरमधून त्याच्याबरोबर एक मोठी लाकडी पेटी आली. नागपूरला तो ज्या व्हिडिओ गेमच्या दुकानात कामाला होता, ते बंद पडलं होतं. मालकाने जुन्या पेट्या भंगारात द्यायला काढल्या, आणि त्यातली एक दादाने मागून घेतली. उंची कपाटाएवढी. मध्ये जाड काच, तिच्यामागे टीव्ही, खाली दांडा आणि दोन लाल बटणं, त्याच्याखाली नाण्याएवढा शिक्का टाकायचं लोखंडी दार. चार माणसांनी ती उतरवली आणि रस्त्याकडची म्हणून ढोल्याच्या खोलीतच ठेवली. बाबा सपरीत, पुढच्या पडवीत बसून पाहत होते. त्यांनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतली पोट्टी चपला-बूट घालून खोलीत शिरली, ढोल्याला टेकून उभी राहिली, आणि त्यांना काही म्हणावं की नाही ते मायला समजेना. बाबा मात्र त्या खोलीत जाताना चपला बाहेरच काढत राहिले.

पेटीचा आवाज अजून माझ्या कानात आहे. सुरू करताना आधी एक जाड घरघर, मग टीव्ही तापल्याची बारीक शिट्टी, आणि मग एक सूर, सहा-सात स्वरांचा, पुन्हा पुन्हा. खेळ साधा होता. खाली एक छोटं विमान, वरून रांगेने उतरणारे रंगीत किडे. ते खाली यायच्या आत मारायचे. बाजाराच्या दिवशी खेड्यापाड्यांतून आलेले लोक भाजीच्या पिशव्या पायाशी ठेवून पाहत उभे राहत. लहान पोरांचा हात दांड्यापर्यंत पोचत नसे, म्हणून दादाने समोर एक लाकडी बाक टाकला होता, त्यावर ती उभी राहून खेळत. मोठी माणसं उभ्यानेच. मायला तो सूर इतका पाठ झाला की भाकरी थापताना ती तो गुणगुणायची, आणि आपण काय गुणगुणतो आहोत हे लक्षात आल्यावर गप्प व्हायची.

मी तेव्हा भंडाऱ्याला रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या वर्गाला जात होते. सकाळी एसटीने जायचं, दुपारी परत. वर्गात मुली कमीच. आमचे सर फार शिस्तीचे. त्यांचा पहिला धडा हा की वीज आहे तिथे पायात रबरी चप्पल आणि डावा हात पाठीमागे. हा नियम त्यांनी आमच्याकडून इतका घोटून घेतला होता की घरचा बल्ब बदलतानाही माझा डावा हात आपोआप मागे जायचा. पेटी आली तशी मी तिच्या मागे लागले, ढोल्याच्या खोलीतही चप्पल घालूनच. मागची फळी काढली तेव्हा आत उंदरांचं घर, धुळीचे गोळे, कोळ्याची जाळी, आणि खालच्या फळीवर आडवी बसवलेली हिरवी पाटी. तिच्यावर ओळीने काळ्या चिपा. शहराच्या नकाशासारखं ते दिसलं मला. दांड्याखालची एक पत्ती वाकली होती, ती सरळ केली. एक बटण अडकत होतं, ते सोडवलं. दादाने मला त्याबद्दल बाजारातून भज्या आणून दिल्या आणि गावभर सांगितलं की आपली मंदा मेकॅनिक आहे. मी आयुष्यात इतकी खूश क्वचित झाले असेन.

आणि मग बाबा खेळायला लागले.

सुरुवात कशी झाली ते कुणी पाहिलं नाही. दुपारी पोरं शाळेत असायची, दादा जेवून आत पडायचा. बाबा बांधीवरून यायचे, अंगणातल्या दगडावर पाय धुवायचे, धोतर गुडघ्यापर्यंत खोचलेलं असायचं तसंच, आणि ओल्या पायांनी त्या खोलीत जायचे. उभ्याने खेळणं त्यांना जमत नसे. मायचा बसायचा बुटका मचवा ओढून ते पेटीला अगदी खेटून बसत आणि दांडा धरत. मायने मला सांगितलं तेव्हा माझा विश्वास बसला नाही. मी स्वतः पाहिलं तेव्हाही नीट बसला नाही. ज्यांना रेडिओवर गाणं लावलेलं खपत नसे, ते बाबा काचेजवळ तोंड नेऊन किडे मारत होते. आनंद दिसत नव्हता चेहऱ्यावर. निंदण काढताना असायचा तसा चेहरा.

बाबा बसले की थोड्या वेळात पेटी बिघडायची. आधी किडे थरथरायचे, मग सगळा पडदा रंगीत चौकटींनी भरून जायचा, जसं कुणी रंगांच्या डब्या त्यावर ओतल्या, आणि मग काळोख. क्षणभराने तोच सूर, आणि खेळ पुन्हा पहिल्यापासून. कधी कधी तर ती त्यानंतर संध्याकाळपर्यंत धड चालत नसे. शाळा सुटून पोट्टी येत आणि हात हलवत परत जात. हे एकदा झालं, दोनदा झालं, मग रोजचं झालं. दुसरं कुणी खेळलं की काही नाही. बाबा बसले की हमखास.

दादाच्या डोक्यात जे आलं ते कुणाच्याही आलं असतं. बाबांना ही पेटी घरात नको आहे. तोंडाने बोलत नाहीत, म्हणून हाताने करत आहेत. बटणं आपटत असतील, लाथ मारत असतील, मागची वायर ओढत असतील. त्याने काही दिवस हे मायला सांगितलं, मायने ते बाबांपर्यंत पोचवलं नाही. हा एकच निरोप तिने गिळला असावा. शेवटी एका दुपारी पडद्यावर चौकटी आल्या नि दादा आतून उठून आला. तो बाबांशी बोलला, सरळ त्यांच्याशी, परत आल्यापासून पहिल्यांदा. त्याचा आवाज मोठा नव्हता.

"तुमाले मी इथं नको असन तं तसं सांगा. मशीन काहून मारून राहिले? मी चाललो जातो. मंग नाही येत."

बाबा मचव्यावरून उठले. त्यांनी मायकडे पाहिलं. "त्याले सांग, मी काही केलो नाही," एवढं म्हणून ते बांधीवर परत गेले. जेवलेही नाहीत. दादा त्या दिवसापासून गोंदियाला जाण्याची भाषा करू लागला. तिथे त्याच्या ओळखीचा कुणी पेटीसकट त्याला जागा द्यायला तयार होता. माय दोन दिवस कुणाशी बोलली नाही, आणि तिसऱ्या दिवशी मी एसटीतून उतरून घरी आले तर दारातच उभी.

"तू शिकली ना ते सारं?" ती म्हणाली. "मंग पाह्य. तुया बाप करते का मशीन करते, ते मले सांग. हा पोट्टा गेला तं आता येणार नाही."

मी हो म्हटलं, पण मला काहीच समजत नव्हतं. वर्गात शिकवलेला बिघाड असा नसतो. तो माणूस ओळखत नाही. मी सरांचा मीटर मागून आणला आणि मुळापासून सुरुवात केली. पाटीला पाच व्होल्ट लागतात, ते बरोबर येत होते. वायरींचा मोठा जोड जिथे पाटीच्या कडेला बसतो, तिथले तांब्याचे दात काळे पडले होते. ते मी खोडरबराने घासून सोन्यासारखे केले. एकेक चिप अंगठ्याने दाबून जागेवर बसवली. पेटीतल्या छोट्या पंख्यातली कोळ्याची जाळी काढली. मग दादाला खेळायला लावलं, दुपारभर. एकदाही बिघडली नाही. मी स्वतः खेळले. नाही बिघडली. दुसऱ्या दिवशी बाबांना मायकडून निरोप देऊन बोलावलं. ते आधी येईनात, मग आले, बसले, आणि थोड्याच वेळात पडदा रंगांनी भरला. दादा दारात उभा होता. तो तसाच निघून गेला. मला त्या क्षणी बाबांचा राग आला, आणि राग कशाचा येतो आहे तेही कळेना, कारण त्यांचे दोन्ही हात माझ्या डोळ्यांसमोर होते आणि ते काहीच करत नव्हते.

सरांना विचारलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, जवळ राइस मिल आहे का. होती, दोन घरं सोडून. मिलची मोटार सुरू झाली की गावाचं व्होल्टेज बसतं, ते म्हणाले, आणि तुझे वडील नेमके त्याच वेळी बसत असतील. मला हे इतकं पटलं की परतीच्या एसटीत मी जवळजवळ हसत होते. मग मी दुपारी मीटर प्लगमध्ये खुपसून बसले. मिल सुरू झाली, काटा खाली आला, दादा खेळत होता, आणि किडे मजेत उतरत राहिले. मग मला वाटलं, उकाडा. कवेलूंच्या छपराखाली दुपारी खोली तापते, पाटी तापते. टेबलफॅन लावला. बाबा बसले, बिघडली. मग वाटलं, बाबांच्या हाताला घाम येतो. मग वाटलं, ते दांडा एका बाजूला जास्त ओढतात. एका टप्प्यावर मला खरंच वाटू लागलं की काही माणसांच्या अंगातच असं काही असतं. हे मी सरांना सांगितलं नाही. मायने मात्र न विचारता एक लिंबू आणि मिरच्या पेटीवर बांधल्या.

आज इतकी वर्षं रेडिओ, टीव्ही, मिक्सर, इन्व्हर्टर उघडून झाल्यावर मी नव्या मुलांना सांगते की यंत्राकडे पाहून झालं की वापरणाऱ्याकडे पाहा. त्याचे हात, पाय, त्याची बसायची जागा. सांगायला सोपं आहे. तेव्हा मला ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि बापाकडे असं निरखून पाहायची आमच्याकडे रीत नव्हती.

शेवटी मी तेच केलं, पण वेगळ्या कारणाने. माझ्या मनात दादासारखाच संशय आला होता. एका दुपारी वर्ग बुडवला आणि ढोल्याच्या मागे, भिंत नि ढोला यांच्या सांदीत जाऊन बसले. तिथून पेटी बाजूने दिसायची. बाबा आले. उंबऱ्याबाहेर चपला काढल्या. मचवा ओढला, पेटीला खेटून बसले, गुडघे समोरच्या लोखंडी दाराला टेकले. खेळायला लागले. काही आपटलं नाही, काही ओढलं नाही. खूप सांभाळून दांडा हलवत होते, जसा मातीचा असावा. मग पडदा रंगला. बाबांनी हात मांडीवर ठेवले, गुडघा चोळला, आणि खेळ पुन्हा सुरू व्हायची वाट पाहत बसून राहिले. चेहऱ्यावर नवल नव्हतं, राग नव्हता. मला वाटलं होतं मी काहीतरी पकडेन. तिथे पकडण्यासारखं काहीच नव्हतं, आणि मी त्या सांदीत धानाच्या कुसळांनी अंग खाजवत बसले होते. मी बाहेर आले. बाबा दचकले नाहीत. ढोल्यामागून मुलगी निघते हेही त्यांनी चालवून घेतलं.

मला काय विचारावं ते सुचेना, म्हणून विचारलं, "गुडघा दुखते का बाबा?"

"नाही बाई. झिणझिण करते."

"का झिणझिण करते?"

"हे," म्हणून त्यांनी लोखंडी दाराकडे हात केला. "मशीन."

मी तिथेच माझ्या चपला काढल्या. सरांचा नियम मी तेव्हा पहिल्यांदा मोडला. सारवलेली जमीन पायाला ओलसर लागली. उजव्या हाताची पालथी बोटं मी त्या दाराला हलकेच लावली आणि मुंग्यांची एक रांग कोपरापर्यंत चढून गेली. मी प्लग ओढून काढला. मग पुन्हा लावला, चप्पल घातली, टेस्टर आणून दाराला टेकवला. आतला बारीक दिवा लाल लागला. इतके दिवस सगळे खेळले होते ते चपला-बुटांवर नाहीतर लाकडी बाकावर, पॅन्ट घालून, उभ्याने. मी तपासत होते ती रबरी चप्पल घालून, एक हात मागे ठेवून. उघड्या पायांनी, उघडे गुडघे लोखंडाला लावून त्या घरात एकच माणूस बसत होता.

"बाबा, हा करंट होय. तुमी सांगितले काहून नाही?"

त्यांनी मान हलवली. करंट माणसाला फेकतो, हे तर नुसतं झिणझिणतं, असं त्यांचं म्हणणं. मग पडद्याकडे पाहत ते बोलले. हे वाक्य मी तेव्हापासून जसंच्या तसं बाळगून आहे.

"मले वाटलं, मशीनचं काम हाय, थोडं तं लागनच. दिनू दिवसभर धरून बसते, त्याले किती लागत असन. दोन वर्सं तो हेच सहन करून राहिला होता तथी."

ते यासाठी खेळायला बसत होते का? मुलगा रोवणा सोडून कशासाठी गेला, ते पाहायला? की आधी सहज बसले आणि मग हे त्यांच्या मनात आलं? की खेळ आवडला होता आणि विचारल्यावर काहीतरी सांगायचं म्हणून हे सांगितलं? मला माहीत नाही. त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

या वेळी मी पेटी पुढून, लोखंडी दाराकडून उघडली तेव्हा दोन गोष्टी सापडल्या. जमिनीला जोडायची तिसरी वायर, म्हणजे अर्थिंग, कधीचीच तुटून लोंबत होती. आणि लोखंडी दाराच्या बिजागरीशी मुख्य वायर घासून घासून तिचं रबर इतकं पातळ झालं होतं की आतलं तांबं चमकत होतं. अजून थोडं घासलं असतं तर झिणझिणीवर भागलं नसतं. दुसऱ्या दिवशी सरांना सांगितलं तर ते खुर्चीतून उठून उभे राहिले आणि वडील सुखरूप आहेत ना, एवढंच विचारलं. झिणझिणी का येते ते मी आज कुणालाही समजावून सांगेन. पण त्या इवल्याशा करंटने खेळ पुन्हा पहिल्यापासून का सुरू व्हायचा, हे सरांनीही अंदाजाने सांगितलं आणि मीही अंदाजानेच सांगते.

त्या संध्याकाळी जेवताना मी सगळं सांगितलं, मायकडे पाहत, कारण आमच्या घरी तसंच बोलायची सवय झाली होती. तारेबद्दल सांगितलं, चपलांबद्दल सांगितलं, आणि मग बाबा जे बोलले तेही सांगितलं. बाबा तिथेच होते. ते भात कालवत राहिले. दादाचा घास हातात राहिला. तो ताटावरून उठला नाही, जेवलाही नाही, बराच वेळ वरणात बोट फिरवत बसला. मला वाटलं, आता हे दोघं बोलतील. मायलाही वाटलं असावं, कारण ती वाढायचं सोडून थांबली होती. कुणी बोललं नाही. बाबांनी ताटात हात धुतला आणि उठले. मी सत्य शोधून काढलं होतं आणि घर होतं तसंच होतं, हे माझ्या डोक्यात शिरेना.

सकाळी आवाजाने जाग आली. घरामागे दादा सब्बल, म्हणजे पहार, घेऊन खड्डा खणत होता. अर्थिंगचा खड्डा कसा करतात ते मी त्याला सांगितलं होतं. पण जमीन मुरमाची, आणि दादाचा हात सुटलेला. सब्बल आपटत होती नि ठिणग्या उडत होत्या. बाबा बैल सोडायला निघाले होते, ते थांबले. थोडा वेळ पाहिलं. मग दावं खांद्यावरून काढून खुंटीला लावलं, दादाच्या हातातून सब्बल घेतली आणि कडेने, तिरपी, मुरूम सुटेल अशी मारू लागले. दादा घमेल्याने माती काढू लागला. खड्डा छातीएवढा होईपर्यंत दोघं बोलले नाहीत. मायने चुलीतले कोळसे आणि खडा मीठ आणून दिलं, मी जुन्या हापशाचा पाईप आणि जाड तार. पाईप उभा केला, भोवती कोळसे, मीठ, माती. वर बादलीभर पाणी. मी तार भिंतीतून आत नेऊन पेटीच्या लोखंडाला बांधली, घासलेली वायर बदलली. चप्पल काढून दाराला हात लावला. लोखंड होतं, गार. टेस्टर लावला, दिवा लागला नाही.

आणि यानंतर बाबा खेळायला आलेच नाहीत. बांधीवरून यायचे, पाय धुवायचे, जेवायचे आणि सपरीत आडवे व्हायचे. दादा दुपारी झोपेनासा झाला. तो त्या खोलीत काच पुसत बसे, नाहीतर बटणं घट्ट करत बसे, आणि अंगणात पाण्याचा आवाज आला की हात थांबवून ऐके. मायने एकदोनदा मचवा मुद्दाम पेटीसमोर नेऊन ठेवला. पोट्टी खेळत होती, पेटी दिवसभर चालत होती, दादा गोंदियाचं नाव काढत नव्हता. सगळं नीट झालं होतं आणि मला ते बिघडल्यासारखं वाटत होतं. बाबांचं मन उडालं की दादाच्या बोलण्याचं त्यांना लागलं होतं, की जे पाहायचं ते पाहून झालं होतं? मी मायला विचारलं तर ती म्हणाली, "मले का माहीत बाई. मी तं निरोप सांगतो नुसता."

पोळा होऊन गेल्यावर, धान पोटरीवर आलेलं असताना, एका दुपारी ते आले. मी त्या दिवशी घरी होते. मी सपरीत कपडे घडी करत होते, माय उंबऱ्याशी सुपात तांदूळ निवडत होती, दादा पेटीच्या बाजूला बाकावर. बाबा ओल्या पायांनी आत गेले, मचवा ओढला, बसले, दांडा धरला. गुडघे लोखंडाला लावायला ते क्षणभर कचरले, मग लावले. दादाने शिक्का टाकला. सूर वाजला. आम्ही तिघंही आपापली कामं करत असल्याचं दाखवत होतो.

किडे उतरले, बाबांनी मारले. दुसरी रांग आली. मग तिसरी. आतापर्यंत जिथे पडदा रंगायचा ते ठिकाण मागे पडलं. बाबांच्या हाताचा वेग कमी झाला, जसं अनोळखी वाटेवर माणूस हळू चालतो. शेवटचा किडा गेला आणि पडदा रिकामा झाला. नुसता काळा, खाली ते छोटं विमान. आणि मग एका बाजूने, जिथून आजवर काही आलं नव्हतं तिथून, काहीतरी मोठं सावकाश आत सरकू लागलं.

"हे काय होय?" बाबा म्हणाले. "मले वाटे, ते रंग आले का खेळ सरला."

ते मोठं काही अर्ध्या पडद्यापर्यंत आलं होतं. बाबांनी काचेवरची नजर काढली नाही.

"दिनू, आता काय करू?"

दादाने आधी मायकडे पाहिलं, सवयीने. मायने सुपातून मान वर केली नाही. तेव्हा तो बाकावरून उठला आणि बाबांच्या मचव्याशेजारी सारवलेल्या जमिनीवर उकिडवा बसला, त्यांच्या खांद्याला खांदा लागेल इतका जवळ.

"काही नोका करू जी, बाबा," तो म्हणाला. "आधी पाहा, ते कुठं चाललं."